विहिरीवरची खोली

मेहबूबबी शेळ्यांपुढं घास टाकत होती. सुप्रिया मॅडमची स्कूटर कालव्याच्या भरावावरून खाली उतरली आणि दारात येऊन थांबली. ही बारामतीच्या कॉलेजात शिकवणारी बाई. थंडी पडायला लागली तेव्हा तिनं वस्तीवरच्या घराघरांत दोऱ्याला बांधलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्या टांगल्या होत्या आणि होळीच्या आसपास त्या काढून नेल्या होत्या. तेव्हा बरोबर पोरी होत्या, हसणं-बोलणं होतं. आज ती एकटी होती. हेल्मेट काढून ते पोटाशी धरून उभी राहिली.

"तौसिफ नाहीत का घरी?"

"ऊस घिऊन गेलाय कारखान्याला. सांजच्याला यील. बसा की."

सुप्रिया ओट्यावर बसली. मेहबूबबीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर खाली बसली. घासाच्या रसानं हात हिरवे झाले होते, ते ती पदराला पुसत राहिली.

"काकू, आत डबी टांगली होती ना, तिचा रिझल्ट आलाय. मागं सांगितलं होतं तुम्हाला, जमिनीतून एक वायू येतो. रेडॉन म्हणतात त्याला. वास नाही, रंग नाही. मोकळ्यावर उडून जातो, त्याचं काही वाटत नाही. पण बंद खोलीत साठला तर छातीला वाईट. वर्षानुवर्षं तसल्या हवेत झोपलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो."

मेहबूबबी ऐकत होती.

"आपल्याकडचा दगड काळा. त्यात हा वायू कमीच असतो. वस्तीवर बाकी कुणाच्या घरात काही निघालं नाही. तुमच्या मधल्या खोलीत मात्र फार निघालाय. मला वाटलं मोजण्यात चूक झाली, म्हणून परत तपासून घेतलं."

"फार म्हंजी?"

"राहू नये इतका. कोण झोपतं त्या खोलीत?"

"तौसिफ."

"आणि आधी?"

"हे झोपायचे. तितंच गेले. मागच्या पावसाळ्यात."

सुप्रियाला ते ठाऊक नव्हतं. तिनं हेल्मेट खाली ठेवलं. "कशानं गेले?"

"तुमी आता म्हनला त्योच. छातीचा क्यान्सर."

शेळीचं करडू घासाच्या पेंढीत तोंड खुपसून ओढत होतं. मेहबूबबीनं त्याला हातानं मागं सारलं. मग ती उठली. "च्या ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

चुलीवर दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून उतरून विस्तवावर गेलं. ती बघत उभी होती. करपल्याचा वास सुटला तेव्हा सुप्रियाच आत आली आणि तिनं पातेलं उतरवलं.

चहा झाल्यावर सुप्रियानं मधली खोली पाहिली. घरात तेवढीच एक पक्की खोली. पुढं पत्र्याची पडवी, मागं स्वयंपाकाची जागा. मेहबूबबीचा नवरा अय्युब मुलाणी फरशी बसवणारा गवंडी होता. बारामतीपासून इंदापूरपर्यंत त्यानं बंगल्यांना फरश्या बसवल्या, आणि लोकांनी टाकून दिलेले उरलेसुरले तुकडे सायकलला बांधून घरी आणले. खोलीतली जमीन त्या तुकड्यांची होती. कुठं शहाबादी, कुठं पांढरी, कुठं तांबूस ठिपक्यांची. पण सांधे असे जुळवलेले की पायाला कळत नसे.

"ही खोली बांधायच्या आधी इथं काय होतं?"

"हीर हुती. माज्या आजेसासऱ्यानं पाडलेली. भोवतीनं बोअरवेल झाल्या, मग तिचं पानी आटलं. भावाभावांच्या वाटन्या झाल्या तवा थोरल्या दिरानं रस्त्याकडची जागा घेतली, हिरीची ह्यांच्याकडं आली. ह्यांनी दगडगोटे, पडक्या भिंतींची माती टाकून बुजवली. वर मुरूम दाबला आन खोली घातली."

सुप्रियानं उदबत्ती मागितली. ती पेटवून भिंतीच्या कडेला धरली. तिथं जमीन जरा खचली होती आणि फरशी नि भिंत यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट पडली होती. धूर फटीजवळ गेला की कुणी खालून फुंकावं तसा बाजूला ढकलला जात होता.

"भराव सैल आहे," ती म्हणाली. "खोलवरची हवा त्यातून वर येतेय. करता येईल काहीतरी. खालची हवा पाइपानं छताच्या वर काढायची. पण तोवर तौसिफला बाहेर झोपू दे. आणि खिडकी सताड उघडी ठेवा. बंद ठेवली की साठतो तो."

खोलीला एकच खिडकी होती. सुप्रियानं कडी काढून ढकललं, फळ्या हलल्या नाहीत. फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या. मेहबूबबीनं पुढं होऊन नखांनी एक चिंधी उपसली. काळी पडलेली होती.

"उसाचं पाचट पेटवत्यात रानात," ती म्हणाली. "धूर यायचा. ह्यांना ठसका लागायचा."

सुप्रिया गेल्यावर ती खिडकीपाशी बसून एकेक चिंधी काढत राहिली.

*

तौसिफ अंधार पडताना आला. अंगावर, भुवयांवर उसाची कुसळं आणि धूळ. आईनं सांगितलं ते त्यानं भाकरी मोडता मोडता ऐकलं. नंतर त्यानं हात धुतला आणि खोलीतली खाट उचलून पडवीत आणली.

अय्युबला खोकला लागला तेव्हा आधी टीबी म्हणून गोळ्या झाल्या. मग पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं ते बिडीचं. अय्युब म्हणाला, कधी ओढली नाही. डॉक्टरनं कागदावरून मान वर केली नाही. परत येताना एसटीत तौसिफ म्हणाला होता, "अब्बा, आता तरी खरं सांगा." शेजारच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. अय्युबनं खिडकीकडं तोंड केलं आणि इंदापूर येईपर्यंत तसाच बसला. पुढं कुणी विषय काढला नाही. पण तो आजारी पडल्यावर त्याचे कपडे धुवायला टाकताना तौसिफ खिसे उलटे करून बघायचा, आणि अय्युबला ते दिसायचं.

आता तौसिफ खाटेवर पालथा पडून होता.

"कायमची कडी घालू खोलीला," तो म्हणाला. "नकोच ती."

"शगुफ्ताला कुठं झोपवायची?"

तो उठून बसला. शगुफ्ता त्याची बहीण, बारामतीत दिली होती. पहिलटकरीण, उन्हाळ्याच्या अखेरीला दिवस भरणार. बाळंतपणाला माहेरी येणार हे लग्नात ठरलेलं. पत्र्याची पडवी दुपारी भट्टीसारखी तापायची, तिथं ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्याला ठेवता येणार नव्हतं.

वस्तीवर गोष्ट लपली नाही. दोन दिवसांत कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका मेहबूबबी आली की दगड सोडून बाजूला व्हायला लागल्या. कोणी वाईट बोललं नाही. शेजारची कुशाबाई रोज सकाळी नातवासाठी शेळीचं दूध न्यायची. एक दिवस ती तांब्या न घेता आली आणि कुंपणापाशीच थांबली.

"मेहबूबबी, उद्यापास्नं दूध नगं बरं का. पोरगं पियाना झालंय."

"बरं."

"तुज्या घरात ग्यास निघालाय म्हनं."

"व्हय."

"सिलेंडरवानी भडका उडतो का गं त्येचा?"

"न्हाय. भडका न्हाय उडत."

"मग काय करतो?"

"काय न्हाय. दिसतबी न्हाय."

कुशाबाईला आणखी विचारायचं होतं. पण मेहबूबबी परत शेळीच्या आचळाला हात लावून बसली होती. तिनं दूध काढलं, अर्धं स्वतःच्या चहाला ठेवलं, अर्धं मांजरापुढं ओतलं. चहा करून प्याली. गोड होता का कडू, तिला सांगता आलं नसतं. मागच्या पावसाळ्यापासून सगळं असंच होतं. हात आपलं काम करत. भाकरी थापली जाई, झाडलोट होई, शेळ्या वेळेवर बाहेर काढल्या जात. नवऱ्याच्या मयतीला बायका गळ्यात पडून रडल्या तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. लोक म्हणाले, धीराची बाई आहे.

मग शगुफ्ताची सासू आली. हाजराबी अंगानं थोराड, बारामतीच्या मार्केट यार्डाजवळ तिच्या मुलाचं, अरफातचं, बारदानाचं दुकान. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून ती आली आणि उतरल्यावर ओट्याच्या कडेला टेकली. मेहबूबबीनं चटई आणली, ती तिनं दाराच्या बाहेरच अंथरायला लावली.

"ईनबाई, रागाला येऊ नगा," ती म्हणाली. "मला कळतं, तुमच्या मनात लेकीला आनायचं हाय. पर आमच्याकडं जे कानावर आलं, त्येच्यानं माजा जीव घाबरलाय. ह्या घरात बाळंतपन न्हाय करायचं."

"खोली दुरुस्त करनार हाय मी," तौसिफ म्हणाला.

"कर की. पर तान्हं लेकरू मी हितं ठेवू द्यायची न्हाय. अरफात, तू बोल."

अरफात मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत होता. "अम्मी म्हंती तसं," तो म्हणाला.

"शगुफ्ता काय म्हंती?" मेहबूबबीनं विचारलं.

"ती रडती," हाजराबी म्हणाली.

मेहबूबबीनं मान हलवली. पाहुण्यांना पोहे केले होते, ते हाजराबीनं खाल्ले, चवीला चांगले झालेत म्हणाली, आणि ऊन चढायच्या आत निघून गेली. पूर्ण वेळ तिनं घराच्या आत पाऊल टाकलं नाही.

*

पाइप आणि त्यातून हवा वर ओढणारा पंखा कॉलेजच्या संशोधनाच्या कामातून मिळाला. मजुरीला गेणबा आला. गेणबा अय्युबचा जोडीदार. अय्युब फरशी कापायचा आणि बसवायचा, गेणबा सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, दोघांनी सारी उमर बरोबर काढली. अय्युब गेल्यापासून गेणबा ह्या घरी आला नव्हता. दारात आल्यावर त्यानं टोपी काढून परत डोक्यावर ठेवली.

"भाभी, बरी हाईस ना?"

"हाय."

"म्याडमनी काय ते समजावलं मला. एका कोपऱ्यातली फरशी काढू. तितनं पाइप घालू. बाकीच्याला हात लावायचा न्हाय."

सुप्रिया हातात वायू मोजायचं यंत्र घेऊन खोलीभर गुडघ्यांवर फिरत होती. भिंतीच्या कडेनं, मधल्या सांध्यांवर, उंबऱ्यापाशी. प्रत्येक ठिकाणी यंत्र ठेवून थांबायची. बऱ्याच वेळानं ती उठली.

"एक कोपरा करून भागणार नाही, गेणबाकाका. मधले सांधेही सुटलेत. सगळीकडून येतंय. सगळी फरशी काढून खाली जाड प्लास्टिक टाकायला लागेल, वर काँक्रीट."

"सांधे सुटत न्हाईत त्येचे," गेणबा म्हणाला.

"वरून दिसत नाहीत. भराव बसलाय खाली."

"सिमिट पाजतो मी सांध्यांना. एकेक पाजतो."

"एका पावसाळ्यात परत सुटतील, काका."

गेणबानं हातोडीचा दांडा फरशीवर टेकवला आणि त्यावर वजन देऊन उभा राहिला. सुप्रियाकडं न बघता म्हणाला, "भाभी, तू सांग. हे त्येच्या हातचं हाय."

"काढा," मेहबूबबी म्हणाली.

पहिला घाव तौसिफनं घातला. पहार कोपऱ्यात घुसवून त्यानं जोर केला आणि शहाबादीचा तुकडा अख्खा उचलला गेला. दुसरा मोडला. मग गेणबाही वाकला. छिन्नीचा आवाज पत्र्यावर आपटून परत यायला लागला. धूळ उठली, सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली.

मेहबूबबी तुकडे घमेल्यात भरून डोक्यावर घ्यायची आणि बाहेर नेऊन टाकायची. गुडघे दुखायचे, तरी ती बसत नव्हती. तौसिफ म्हणाला, मी टाकतो, तर तिनं ऐकलं नाही. पालथ्या पडलेल्या फरशीला खालून वाळलेला माल चिकटलेला होता आणि काहींवर अय्युबच्या बोटांचे ओरखडे उठलेले दिसत.

"ही डागदराच्या बंगल्यातली," गेणबा एका पांढऱ्या तुकड्यावरची माती पुसत म्हणाला. "माळेगावच्या बाजूला हुता बघ. पायऱ्या आमीच केलत्या. आन ही ठिपक्याची, पेट्रोल पंपावरच्या हाफिसातली. त्यो मालक उरल्यालं देत नव्हता. अय्युब म्हनला, शेठ, न्हायतर खड्ड्यातच टाकनार ना. मग दिली."

मेहबूबबीनं दोन्ही तुकडे घमेल्यात घातले.

वस्तीकडं येणाऱ्या रस्त्याला कालव्यापाशी मोठा खड्डा होता. तुकडे तिथं टाकायचं तौसिफनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यावरून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तांबडं, पांढरं, काळं सगळं एक होऊन मातीत दडपलं गेलं. मेहबूबबी शेळ्या घेऊन त्यावरून आली. तिला थांबावंसं वाटलं नाही.

फरशीखालचा मुरूम उकरल्यावर दगड लागले. मधे मधे पोकळ्या होत्या. गेणबानं एका पोकळीत हात घातला आणि काढून घेतला.

"गार हाय," तो म्हणाला. "वारं लागतंय हाताला."

तौसिफनंही हात घातला. त्यानं आईकडं बघितलं. ती दारात घमेलं घेऊन उभी होती. तीही आली, वाकली आणि तळवा त्या भोकावर धरला. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि खालून येणारी हवा पहाटेसारखी गार होती. तिनं बराच वेळ हात काढला नाही.

दुपारी सगळी पडवीत जेवायला बसली. सुप्रियानं डबा आणला होता, तरी मेहबूबबीनं तिला भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. गेणबा जेवून लिंबाखाली आडवा झाला. तौसिफ खडी आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला. सुप्रिया हात धुऊन आली तेव्हा मेहबूबबी उष्ट्या ताटांपाशी तशीच बसून होती.

"एक इचारू का?"

"विचारा ना, काकू."

"ह्यांना ह्येच्यानंच झालं का?"

सुप्रिया तिच्यासमोर बसली. "ते कुणालाच सांगता यायचं नाही. ते फरशी कापायचे, ती दगडाची धूळही छातीला वाईट. ती असेल, हा वायू असेल. दोन्हीही असेल. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

"बिडी न्हवती."

"नाही. बिडीशिवायही होतो."

"हे तौसिफला सांगा तुमी. माज्यासमोर न्हाय. एकट्याला सांगा."

"सांगते."

मेहबूबबीनं ताटं एकात एक घातली. मग विचारलं, "खिडकी उघडी असती तर?"

सुप्रियानं बाहेर बघितलं. लिंबाखाली गेणबा कूस बदलत होता. "कमी साठला असता," ती म्हणाली. "पण काकू, तुम्हाला कुठं माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

"दर साली चिंध्या मीच भरायची. उसाला तोड आली की. खोकला लागल्यावर तर दारबी लावून घ्यायची. हे म्हनायचे, गुदमरतंय, उघड जरा. मी म्हनायची, धूर यील."

तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. सुप्रियानं तिच्या हातावर हात ठेवला. मेहबूबबीनं थोडा वेळ तो राहू दिला, मग ताटं उचलून मोरीकडं गेली. राख घेऊन ती ताटं घासायला बसली. घासून झालेली ताटं तिनं परत घासली.

काम पुढं चालत राहिलं. मधोमध खड्डा करून त्यात खडी भरली, भोकं पाडलेला पाइप त्यात बसवला, तो भिंतीखालून बाहेर काढून पत्र्याच्या वर नेला आणि टोकाला पंखा लावला. खाली जाड प्लास्टिक अंथरलं, भिंतीवर वीतभर चढवलं. वर काँक्रीट ओतलं. गेणबानं थापीनं घोटून घोटून जमीन अशी गुळगुळीत केली की तिच्यात उजेड दिसायला लागला. कडेचा शेवटचा हात मारून तो उठला तेव्हा त्याला धरायला भिंत लागली. तौसिफ त्याला चहा द्यायला गेला. दोघं बाहेर दगडावर बसून प्यायले. त्याच्या आदल्या दिवशी सुप्रियानं तौसिफला स्कूटरपर्यंत बोलवून नेलं होतं आणि दोघं भरावावर उन्हात बराच वेळ उभे होते. तो परत आला तो सरळ कालव्यावर गेला आणि कपड्यांसकट पाण्यात उतरून बसला. आईनं कोरडी लुंगी दोरीवर काढून ठेवली.

*

काँक्रीट वाळल्यावर सुप्रियानं खोलीत यंत्र ठेवलं. आठवड्यानं येऊन तिनं आकडा वाचला, परत वाचला आणि तौसिफला म्हणाली, "झालं. आता ही खोली कुठल्याही साध्या खोलीसारखी आहे. लाईट गेली, पंखा थांबला, तरी पाइप थोडंफार खेचत राहील. फक्त खिडकी बंद ठेवू नका."

तौसिफनं यंत्राचा फोटो काढून अरफातला पाठवला. तिकडून काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. कुशाबाई येऊन खोलीत डोकावून गेली, जमीन छान झाली म्हणाली, पण दुधाचा तांब्या काही आणला नाही.

आणि मग एका सकाळी भरावावरून रिक्षा उतरली. आधी हाजराबी उतरली, मग तिच्या खांद्याला धरून शगुफ्ता. पोट आता चांगलंच पुढं आलं होतं. चेहरा सुजलेला, पायांत चप्पल मावत नव्हती. मागून अरफातनं दोन पिशव्या काढल्या. शगुफ्तानं आईला मिठी मारली आणि रडायला लागली. मेहबूबबी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"फोटो बघितला आमी," हाजराबी म्हणाली. "फोटोचं काय, कुनीबी कायबी पाठवतं. मला सवता बघायचं हाय. शगुफ्ता, तू भाईर बस."

ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. खोलीच्या मधोमध उभी राहून चारी भिंती बघितल्या. वाकून जमिनीवर तळहात फिरवला. पाइप कुठून गेलाय ते बघितलं, पंख्याचा आवाज ऐकला. तौसिफ समजावायला लागला, तर तिनं हातानं त्याला थांबवलं.

"चटई दे," ती म्हणाली. "पोरीला झोपवायच्या आधी मी झोपून बघते. मला काय झालं तर झालं. माजं वय झालंय."

"अम्मी, एका दुपारात कळत न्हाय ते," अरफात दारातून म्हणाला.

"तुला इचारलं का?"

तौसिफनं चटई आणली, मेहबूबबीनं उशी दिली. हाजराबीनं बुरखा काढून खुंटीला लावला, खिडकीच्या अंगाला चटई पसरली आणि दुपट्टा तोंडावर घेऊन पडली. बाकीची सगळी पडवीत बसून राहिली. पत्रा तापला होता. शगुफ्ता पाय लांब करून भिंतीला टेकली होती आणि मधून मधून आतल्या बाजूला मान करून बघत होती. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज आला. शगुफ्ताला हसू आलं, तिनं तोंडावर हात धरला. अरफातही हसला. मग पिशवीतली कलिंगडं काढून ते तिघं कापायला बसले.

जेवणवेळ टळायला लागली म्हणून मेहबूबबी हाजराबीला उठवायला आत गेली. ती जागी होती. दुपट्टा बाजूला करून छताकडं बघत होती.

"जेवून घेता का?"

"घेते. दमानं." हाजराबी उठली नाही. "गार हाय खोली. अय्युबभाऊ कुठं झोपायचे हो?"

"तुमी हाय तितंच."

हाजराबीनं अंग आवरलं नाही की उठून बसली नाही. तिनं फक्त मान वळवून मेहबूबबीकडं बघितलं. मेहबूबबी उभीच होती. नवी जमीन झाल्यापासून खोलीत येऊन ती अशी थांबली नव्हती. झाडायची, पुसायची आणि बाहेर पडायची.

"ही खिडकी मी बंद केलती," ती म्हणाली. "चिंध्या भरून. सगळी वर्सं. म्याडम म्हनली, उघडी असती तर कमी साठलं असतं."

हाजराबी विचार करत होती. "उघडी ठिवली असती तर धूर खाल्ला असता त्यांनी," ती म्हणाली. "मग त्येचं वाटलं असतं तुमाला. तुमाला कायतरी वाटनारच हुतं."

"गुदमरतंय म्हनायचे."

"म्हनत्यात. आजारी मानूस म्हनतंच." तिनं सरकून चटईवर जागा केली. "या. पडा जरा. तोंड बघा कसं झालंय. मागच्या टायमाला आले तवाच मनात आलं हुतं, ही बाई झोपत न्हाय म्हनून."

"पोरांना जेवायला वाढायचंय."

"पोरं कलिंगड खात्यात. पडा म्हनते ना."

मेहबूबबी आधी बसली. मग कुशीवर पडली, गुडघे पोटाशी घेऊन, उशी नसताना. जमिनीचा गारवा चटईतून बरगड्यांना लागत होता. हाजराबी कसलं तरी बोलत होती, अरफातच्या वेळच्या बाळंतपणाचं, दाईचं, पावसाचं. शब्द लांब लांब गेले. मेहबूबबीच्या घशातून एक आवाज आला, हुंदका म्हणावा तर तसा नव्हता, आणि तिचे डोळे उघडेच असताना त्यांतून पाणी वाहून कानाकडं गेलं. हाजराबी बोलायची थांबली नाही. तिनं फक्त दुपट्ट्याचा शेव तिच्या गालाखाली सारला. थोड्या वेळानं मेहबूबबीचे डोळे मिटले आणि श्वास जड पडायला लागला.

हाजराबी आवाज न करता उठली. दारात शगुफ्ता येऊन उभी होती.

"अम्मी?"

"निजलीय. बोलू नगंस."

ती सुनेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. चुलीत काटक्या घातल्या, पातेलं ठेवलं. साखर सापडेना. फळीवरचे डबे एकेक काढून तिनं झाकणं उघडली. हळद निघाली, तूरडाळ निघाली, शेवया निघाल्या, एकात सुईदोरा निघाला. शगुफ्ता सांगायला लागली तर ती म्हणाली, "तू बस. पाय वर घिऊन बस. मला सापडतंय." सगळ्यात मागच्या डब्यात साखर मिळाली. तिनं चहा केला, कपाकपात ओतला आणि बाहेर पोरांना नेऊन दिला.

मेहबूबबीचा कप तिनं बशीनं झाकून चुलीच्या कडेला ठेवला. तो गार झाला. संध्याकाळी शेळ्या ओरडायला लागल्या, तेव्हा हाजराबीनं बाह्या सारल्या आणि घासाची पेंढी कुठंय ते तौसिफला विचारलं. कुणी मेहबूबबीला उठवलं नाही.